तेलुगू, कन्नड, उर्दूत आजारांची खात्रीची माहिती कुठं शोधायची? (सोलापूरकरांनो, मदत करा)

अशोकचौकवाली

नमस्कार मंडळी,

आमच्या शेजारच्या अक्कांना नुकतीच शुगर निघाली. साठीच्या पुढच्या आहेत, उभा जन्म विड्या वळण्यात गेला. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली, भात कमी करा म्हणाले, पाय रोज बघत जा म्हणाले, तोवर पुढचा पेशंट आत आला. अक्का घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी. मराठी सगळं कळतं, पण दुखण्याखुपण्याचं बोलणं निघालं की तेलुगूच.

आता त्यांच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेलुगू व्हिडिओ यायला लागलेत. गोळीनं किडनी सडते म्हणे, अमुक पाल्याचा रस प्या, महिनाभरात गोळी सुटेल. सांगणारा पांढरा कोट घालून बसलाय, गळ्यात स्टेथोस्कोप. मी मराठीत कितीही घसा कोरडा केला तरी तो त्यांच्या भाषेत बोलतोय, त्यामुळं पारडं त्याचंच जड.

गूगलवर तेलुगूत शोधायला गेले तर तसलेच व्हिडिओ आणि पावडरींच्या जाहिराती. फक्त तपासलेली माहिती दाखवणारी शोधयंत्रं असतात असं ऐकलंय. कुणी वापरलीत का? आमच्या गल्लीतच तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी अशी चार भाषांची घरं आहेत, त्यामुळं माहिती मिळाली तर फक्त अक्कांच्या कामाची राहणार नाही.

बाळ्या_सोलापुरी

ताई, डॉक्टरला विचारायचं की सरळ. लोक गूगल करून करून घरबसल्या स्वतःला कॅन्सर काढलालेत.

अशोकचौकवाली

बाळ्याभाऊ, विचारलंच की. पण ओपीडीत आपल्यामागं पन्नास माणसं उभी असतात. आणि अक्कांचा प्रश्न घरी आल्यावर, रात्री भाताचं ताट समोर आलं की सुरू होतो.

निवृत्त_ग्रंथपाल

चांगला धागा. नोकरीत असताना विद्यार्थ्यांना हेच शिकवत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं नाव मेडलाइनप्लस. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं १९९८ साली सामान्य माणसासाठी सुरू केलेलं संकेतस्थळ. जाहिरात एकही नाही. त्यात अनेक भाषांमधल्या आरोग्यमाहितीचा वेगळा विभाग आहे. भाषा निवडली की त्या भाषेतली पत्रकं आजारांप्रमाणे लावलेली दिसतात, आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या संस्थेनं तयार केलं हे लिहिलेलं असतं. बरीच पत्रकं द्विभाषी असतात, म्हणजे इंग्रजी आणि ती भाषा दोन्ही. तुमच्यासाठी हे फार मोलाचं आहे. तुम्हाला तेलुगू लिपी येत नसली तरी इंग्रजी मजकूर वाचून अक्कांच्या हातात नेमकं काय जातंय ते कळतं. जे आपल्याला वाचता येत नाही ते दुसऱ्याच्या हातात देऊ नये, एवढं पथ्य मी पाळतो.

दुसरं, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचं हेल्थ ट्रान्सलेशन्स. तिथं तर शोधायची पेटीच विषय आणि भाषा यांच्या जोडीनं चालते. तिसरं, एमएसडी मॅन्युअल. डॉक्टरांसाठी १८९९ पासून निघणारा हा संदर्भग्रंथ, त्याची सामान्य वाचकांसाठीची आवृत्ती आता हिंदीत फुकट वाचता येते. काढणारी औषध कंपनी आहे हे ध्यानात ठेवावं, पण मजकूर दर्जेदार आहे.

आता कडू भाग. या परदेशी ठिकाणी आपल्या भाषांचं पान रिकामं का दिसतं? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, तेलुगू ८ कोटी ११ लाख, पंजाबी साधारण ३ कोटी ३० लाख. तरीही इंग्लंडमधल्या रुग्णालयांची पत्रकं पंजाबी, उर्दू, गुजराती, बंगालीत ढिगानं सापडतात आणि मराठीत शोधून दमायला होतं. कारण ती पत्रकं तिथं स्थायिक झालेल्या लोकांसाठी निघतात. कोण कुठं स्थलांतरित झालं यावर ते ठरतं, बोलणारे किती यावर नाही. त्यामुळं उर्दूवाल्या घरांची सोय चटकन होईल, हिंदीतही बरं मिळेल, तेलुगूत त्याहून कमी (लसींची पत्रकं मात्र आहेत), मराठी आणि कन्नडसाठी भारतातच शोधावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकृत भाषा सहाच आहेत, त्यात एकही भारतीय भाषा नाही.

भारतात म्हणाल तर विकासपीडिया. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं उभारलेलं संकेतस्थळ, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्यात आहे, आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. दर्जा मात्र सगळीकडं सारखा नाही, लेख कधीचा आहे ते बघून घ्या. तेलुगूसाठी तेलंगणा आणि आंध्रच्या आरोग्य खात्यांकडं जा, कन्नडसाठी कर्नाटकच्या. सोलापुरात बसून आपण सवयीनं महाराष्ट्राच्याच खात्यात शोधत राहतो, तिथं तेलुगू कशाला मिळेल?

पुण्यात_अडकलेला

काकांना +१. मूळचा साखर पेठेतला, घरात तेलुगू, त्यामुळं हे दुखणं रोजचं आहे.

शोधताना एक युक्ती. गूगलच्या पेटीत आजाराचं नाव टाकून पुढं रोमन अक्षरांत 'साईट', लगेच विसर्गासारखे दोन टिंब, आणि जागा न सोडता 'जीओव्ही डॉट इन' लिहा. मग फक्त भारत सरकारच्या आणि राज्यांच्या पानांतूनच निकाल येतात, पावडरवाले सगळे बाहेर. त्याच्या जागी 'एनआयएच डॉट जीओव्ही' टाकलं तर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थांपुरतं. वेगळं शोधयंत्र कशाला, हीच चाळणी.

शब्द कुठला टाकता यावरही खूप अवलंबून आहे. 'शुगर घरगुती उपाय' टाकलं की बाजार उघडतो. 'मधुमेह पायांची काळजी' टाकलं की माणसात येतो. तेलुगू टायपिंग येत नसेल तर जीबोर्डची (गूगलच्या कीबोर्डची) भाषा तेलुगू करून माइक दाबा आणि अक्कांनाच बोलायला लावा. आपोआप तेलुगू लिपीत उमटतं.

आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. सरकारी मराठी, तेलुगू पत्रकांच्या जुन्या पीडीएफ युनिकोडच्या (आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. डोळ्याला नीट मराठी दिसतं, पण त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडं चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. गूगलला तीच खिचडी दिसते. त्यामुळं 'मधुमेह' शोधून ते पत्रक कधीच वर येत नाही, असूनही. स्कॅन केलेल्यांचंही बहुतेक वेळा तसंच. अशा वेळी खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन प्रसिद्धी साहित्याचा विभाग हातानं चाळायचा. कंटाळवाणं आहे, पण माल तिथंच पडलेला असतो. फोटोतला मजकूर गूगल लेन्सनं उचलता येतो.

बाळ्या_सोलापुरी

मग चॅटबॉटला विचारलं तर? माझा पुतण्या सगळं त्यालाच विचारतोय. तेलुगूत पण बोलतो म्हणे झकास.

पुण्यात_अडकलेला

बोलतो की बे. झकास बोलतो हाच घोळ. चुकीचंही तेवढ्याच सफाईनं सांगतो. विचारायचं तर असं विचार: 'हे कोणत्या संस्थेच्या पानावर आहे, दुवा दे.' दुवा दिला तर उघडून बघ, पान खरंच आहे का आणि त्यात तेच लिहिलंय का. दुवा उघडला नाही तर उत्तर सोडून दे. यंत्रानं केलेल्या भाषांतरात आकडे, 'जेवणाआधी की नंतर' आणि 'नका' हे तीन ठिकाणी पुन्हा पुन्हा बघायचं. बाकी वाक्य वाकडं असलं तरी माणूस मरत नाही.

मेडिकलवाला_कन्ना_चौक

काउंटरवर रोज बघतोय म्हणून लिहितो.

परदेशी पत्रक छापून घेऊन येणारे आता बरेच असतात. परवा एक गृहस्थ ऑस्ट्रेलियाचं हिंदी पत्रक घेऊन आले, चेहरा पांढराफटक. पत्रकात उपाशीपोटीची साखर सातच्या आत असावी असं लिहिलेलं, आणि यांचा रिपोर्ट १३२. त्यांना वाटलं आपण गेलोच. अहो, तिकडं साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडं मिलिग्रॅममध्ये. मिलिमोलला १८ नं गुणायचं. सात गुणिले अठरा म्हणजे १२६. म्हणजे १३२ हा थोडासाच वर. अमेरिकेची पत्रकं मात्र आपल्यासारखीच मिलिग्रॅममध्ये असतात. तीन महिन्यांच्या साखरेचं मापही तिकडं वेगळं, तिथं अठराचा गुणाकार चालत नाही, तिकडचा ४८ म्हणजे आपला साडेसहा टक्के.

दुसरं, अमेरिकेच्या पत्रकात तापाला ॲसिटॅमिनोफेन लिहितात. ते आपलं पॅरासिटामॉलच. क्रोसिन, डोलो सगळं तेच. वेगळं औषध समजून दोन्ही घेतलं तर लिव्हरवर बेतू शकतं. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, पाकिटामागचं घटकाचं नाव वाचायची सवय लावा. आणि ९११, ९९९, ०००, जे काय छापलं असेल ते खोडून पेनानं १०८ लिहा.

आता अक्कांच्या गोळीबद्दल. मेटफॉर्मिन चांगल्या किडनीला सडवत नाही. किडनी आधीच बरीच कमजोर असेल तर मात्र डॉक्टर ती कमी करतात किंवा बंद करतात, म्हणून अधूनमधून क्रिएटिनिन तपासतात. त्या व्हिडिओवाल्यानं हेच उलटं फिरवून सांगितलंय. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, तेही तपासून घेता येतं. पोट बिघडलं तर जेवणासोबत घ्यायची, तरी नाही जमलं तर डॉक्टरांना सांगायचं. मनानं बंद करायची नाही.

पाल्याच्या रसाबद्दल: मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानं गुन्हा आहे. मधुमेह त्या यादीतच आहे, ब्लडप्रेशरही आहे. एवढं सांगितलं की गिऱ्हाईक निदान थबकतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं करता येते.

होटगीरोड

मला तर वाटतं एखाद्या संकेतस्थळावर 'ऑन कोड'चं चिन्ह असलं की डोळे झाकून विश्वास ठेवावा. आमच्या वेळी हेच सांगायचे.

निवृत्त_ग्रंथपाल

होटगीरोड, ते 'हॉन कोड'. जिनेव्हाच्या हेल्थ ऑन द नेट या संस्थेचं. १९९६ पासून ते आरोग्य संकेतस्थळं तपासून चिन्ह देत, त्यांचं स्वतःचं शोधयंत्रही होतं, अगदी या धाग्यात विचारलंय तसंच. पण ती सेवा २०२२ च्या डिसेंबरात बंद झाली. आता कुठं ते चिन्ह दिसलं तर जुनं तोरण दाराला तसंच राहिलंय असं समजा. त्याऐवजी पानाच्या तळाशी जाऊन बघा: मजकूर कुणी लिहिला, कधी तपासला, पैसा कुणाचा, आणि लेखाच्या शेजारीच काही विकायला ठेवलंय का. शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला तरी चालेल.

पबमेडचंही सांगून ठेवतो, कारण हल्ली फॉरवर्डमध्ये 'पबमेडवर सिद्ध झालंय' असं असतं. पबमेड ही संशोधन लेखांची यादी आहे. एखादा लेख तिथं सापडला म्हणजे तो खरा ठरला असं नाही. उंदरांवरचे प्रयोगही तिथंच असतात. कारल्यावर, मेथीवर शेकडो लेख सापडतील. पेशंटनं तिकडं जायचं काम नाही.

सिस्टर_एस

सगळे वाचायचं बोलताय, म्हणून लिहावंसं वाटलं. माझी ड्युटी वस्तीतच असते, विडी घरकुल आणि आसपास.

आपल्याकडच्या तेलुगू घरांत तरुण पोरं मराठी शाळेत शिकलेली. घरात बोलणार तेलुगू, पण लिपी वाचता येत नाही. तेलुगू शाळेत गेलेल्यांना येते. आणि अक्कांच्या वयाच्या कितीतरी बायकांना कुठलीच लिपी येत नाही. त्यामुळं तेलुगू पीडीएफ हातात दिली तरी ती फ्रीजवर चिकटून राहते. शिवाय पुस्तकी तेलुगू आंध्रच्या किनाऱ्याकडची, आमच्या मावश्यांची सोलापुरी. अर्धं मराठी, थोडं कन्नड. 'हे कुठल्या गावचं बोलतंय' म्हणतात. त्यामुळं लिपीपेक्षा आवाज बघा. गूगल ट्रान्सलेटमध्ये मजकूर टाकून स्पीकरचं चिन्ह दाबलं की तेलुगू, कन्नडमध्ये वाचून दाखवतं. त्याहून चांगलं म्हणजे घरातल्या सुनेनं द्विभाषी पत्रकातलं इंग्रजी किंवा हिंदी समजून घेऊन सासूच्या बोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, दोन मिनिटांचं, एका वेळी एकच विषय. व्हिडिओवाल्याशी लढायचं तर त्याच हत्यारानं.

सांगून झालं की त्यांनाच उलट विचारायचं. 'कळलं का' असं नाही, त्यावर सगळ्या मान हलवतात. 'उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करणार, मला सांगा' असं विचारायचं. मग कुठं अडलंय ते बाहेर येतं.

आणि काही गोष्टी कुठल्याच संकेतस्थळावर मिळणार नाहीत. पायांच्या पत्रकात 'अनवाणी चालू नका' एवढंच असतं. आमच्याकडच्या बायका कोजागिरीला तुळजापूरला चालत जातात, त्यातल्या कितीतरी अनवाणी. शुगर असलेल्या बाईच्या पायाला मुंग्या असतात, खडा रुतला तरी कळत नाही, घरी येईस्तोवर जखम झालेली. 'जाऊ नका' म्हटलं की त्या आपल्याला सांगणंच बंद करतात. मी म्हणते, आधी डॉक्टरांना पाय दाखवा, मऊ चप्पल घालून चाला, देवीला चालतंय. मुक्कामाला तळवे आरशात बघा, नाहीतर पोरीला बघायला लावा. हे ज्यानं त्यानं आपल्या गावापुरतं जोडून घ्यावं लागतं.

विड्या वळणाऱ्या बायकांत मिश्री लावायची सवयही खूप. शुगर आणि तंबाखू मिळून पायाच्या रक्तवाहिन्यांची वाट लावतात. तंबाखू सोडायला राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट आणि बोलायला माणूस असतो. टीबीवाल्या घरांसाठी निक्षय या सरकारी टीबी हेल्पलाइनचा १८००-११-६६६६. मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, तिथं प्रादेशिक भाषा निवडता येते. वाचता न येणाऱ्याला पानापेक्षा फोन बरा.

बाळ्या_सोलापुरी

सिस्टर, एक नंबर लिहिलंय. आमच्या आईला पण मुंग्या येतात पायाला, दाखवतो आता.

युट्यूबचं काय? आमचा म्हातारा फक्त तेच बघतोय दिवसभर.

पुण्यात_अडकलेला

युट्यूबवर काही आरोग्य व्हिडिओंच्या खाली एक पट्टी दिसते, हे चॅनेल मान्यताप्राप्त रुग्णालयाचं आहे किंवा परवाना असलेल्या डॉक्टरचं आहे असं सांगणारी. भारतात चालते. ती पट्टी नसेल तर लगेच खोटं असं नाही, आणि असली म्हणून त्यातलं प्रत्येक वाक्य कुणी तपासलंय असंही नाही. बोलणारा निदान डॉक्टर आहे एवढं कळतं. पांढरा कोट तर गड्ड्याच्या जत्रेतही भाड्यानं मिळेल.

म्हाताऱ्याचा मोबाइल घे आणि असल्या व्हिडिओवर तीन टिंबं दाबून 'हे चॅनेल सुचवू नका' कर. शिवाय मोठ्या सरकारी रुग्णालयांची चार चॅनेलं सबस्क्राइब करून ठेव. आपण जे बघतो तेच युट्यूब आणखी पुढं करतं.

रझिया_टीचर

उर्दूचं काकांनी म्हटलं ते खरं आहे. भावजयीला गरोदरपणात शुगर निघाली तेव्हा शोधलं होतं. मेडलाइनप्लसवर उर्दूत बरंच होतं, इंग्लंडच्या रुग्णालयांचंही मिळालं. फक्त त्यातली उर्दू पाकिस्तानी वळणाची, आणि खाण्याचे पदार्थही तिकडचे. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. भाकरी किती, शेंगाचटणी चालते का, याचं उत्तर त्यात कुठून येणार? शेवटी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वं बघितली. इंग्रजीत आहेत, पण धान्य, डाळी, शेंगदाणे सगळं आपल्या ताटातलं. ते वाचून मुद्दे काढले आणि आहारतज्ज्ञ मॅडमना दाखवले. त्यांनी भाकरी मोजून दिल्या.

अशोकचौकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत काय झालं ते सांगते.

मेडलाइनप्लसवर तेलुगूत मधुमेहाचं हवं तसं मिळालं नाही, हिंदीतलं पायांच्या काळजीचं मिळालं, खाली इंग्रजीही होतं. ते मी आणि अक्कांच्या सुनेनं मिळून वाचलं. तिनं तेलुगूत रेकॉर्ड केलं, सिस्टरांनी सांगितलं तसं, एका वेळी एकच विषय. पहिला पाय, दुसरा गोळी. गोळीच्या रेकॉर्डिंगमध्ये मेडिकलवाल्यांचं क्रिएटिनिनचं वाक्य घातलंय. सुनेनं ते भावकीच्या ग्रुपवर टाकल्यावर तिथं वाद पेटला. एक मामा म्हणतात, हिला काय कळतंय. दुसऱ्या मावशी म्हणतात, माझ्या गोळीचंही असंच सांग. म्हणजे बीपीचं रेकॉर्डिंग आता गळ्यात पडलंय.

अक्का गोळी घेतायत. रसही घेतायत, ते काही सुटलेलं नाही. मेडिकलवाले, रस घेतला तर चालतो का हो गोळीसोबत?

मेडिकलवाला_कन्ना_चौक

कुठला पाला ते कळल्याशिवाय हो म्हणणार नाही. काही पाल्यांनी साखर आणखी उतरू शकते, आणि इतर गोळ्या कुठल्या चालू आहेत तेही बघावं लागतं. पुढच्या वेळी जाताना तो पाला, नाहीतर बाटली, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. पेशंट हे लपवतात आणि मग रिपोर्टचा अर्थच लागत नाही. 'रस पण घेते' हे अक्कांच्या तोंडून यायला पाहिजे, तुम्ही चहाडी केली असं वाटायला नको.

अक्कलकोट_रोड

कन्नडचं कुणी सांगितलंच नाही पुरेसं. वडील दुधनीकडचे, कन्नडच वाचतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ऑपरेशननंतर काय पाळायचं ते कन्नडमध्ये हवंय.

निवृत्त_ग्रंथपाल

कर्नाटकातल्या सरकारी नेत्ररुग्णालयांच्या पानांवर बघा, आणि वर सांगितलेली साईटची चाळणी लावून कन्नड लिपीत शोधा. सापडलं तर इथं दुवा टाका. पण त्याआधी जिथं ऑपरेशन आहे तिथल्या सिस्टरना विचारा. सोलापुरात कन्नड बोलणाऱ्या सिस्टर नाहीत असं सहसा होत नाही. डोळ्यात कुठले थेंब, दिवसातून किती वेळा, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या, तुमच्या वडिलांच्या ऑपरेशनपुरतं तेवढंच खरं. मोठ्या अक्षरात लिहायला सांगा, पट्टी सुटेपर्यंत एकाच डोळ्यानं वाचायचंय त्यांना.